एकच कंपनी, दोन ग्राहक

‘कुठल्या कंपनीचा लॅपटॉप घ्यावा?’ हा प्रश्न पुण्याच्या हडपसरमध्ये दोघांना विचारला, तर एकाच कंपनीबद्दल दोन टोकांची उत्तरं मिळू शकतात. मगरपट्ट्याच्या सायबरसिटीत नोकरी करणारा सांगेल, ‘तीन वर्षं झाली, काही कटकट नाही. मधे की-बोर्ड बिघडला होता, तर माणूस जागेवर येऊन बदलून गेला.’ आणि अण्णासाहेब मगर महाविद्यालयात शिकणारी त्याची चुलत बहीण सांगेल, ‘त्या कंपनीचं नाव काढू नकोस. आठव्या महिन्यात स्क्रीन गेली आणि पुढे महिनाभर नुसतं ‘पार्ट आला नाही, पार्ट आला नाही’ ऐकलं.’ झाकणावरचं चिन्ह दोघांच्या लॅपटॉपवर तेच असतं, आणि खोटं दोघंही बोलत नसतात.

याचं कारण असं, की लॅपटॉप विकणारी जवळजवळ प्रत्येक मोठी कंपनी एका नावाखाली दोन धंदे करते. एक धंदा कचेऱ्यांशी, दुसरा घरांशी. लेनोवोचा थिंकपॅड कचेरीसाठी आणि आयडियापॅड घरासाठी; एचपीचा एलिटबुक कचेरीसाठी, पॅव्हिलियन घरासाठी; डेलचा लॅटिट्यूड कचेरीसाठी, इन्स्पिरॉन घरासाठी. (डेलने २०२५मध्ये ही जुनी नावं बाजूला ठेवून कचेरीच्या मालाला ‘प्रो’ म्हणायला सुरुवात केली, पण विभागणी तीच.) कचेरीच्या यंत्रात बिजागऱ्या धातूच्या चौकटीत बसवलेल्या असतात, मागचं झाकण चार-सहा स्क्रू काढले की निघतं, आणि कुठला स्क्रू कुठे याची सचित्र पुस्तिका कंपनी स्वतःच सगळ्यांसाठी खुली ठेवते. घरगुती यंत्र दिसायला अधिक देखणं, किमतीला बरंच कमी. ती किंमत कुठून तरी वळती करावी लागते. ती वळती होते मुख्यतः जिथे गिऱ्हाइकाचं लक्ष दुकानात जात नाही तिथून: बिजागरीच्या बुडाशी असलेलं प्लास्टिक, पंख्याचा दर्जा, आणि विक्रीनंतरची सेवा.

सेवेतला फरक तर यंत्रातल्या फरकाहून मोठा. कचेरीसाठी हजार लॅपटॉप घेणारी आयटी कंपनी तीन वर्षांची ‘नेक्स्ट बिझनेस डे ऑनसाइट’ वॉरंटी सहसा आधीच पदरात पाडून घेते. तक्रार नोंदवली की दुसऱ्या कामाच्या दिवशी इंजिनिअर सुटा भाग घेऊन यायचा, असा करार. शिवाय कंपनीच्या आयटी विभागाच्या कपाटात दहा-वीस लॅपटॉप राखीव पडलेले असतात. कर्मचाऱ्याचा लॅपटॉप बंद पडला तर अर्ध्या तासात दुसरा हातात. बंद पडलेल्याचं पुढे काय झालं, इंजिनिअर कधी आला, बोर्ड दोनदा बदलावा लागला का, हे त्याला कळतही नाही. ‘काही कटकट नाही’ या त्याच्या अनुभवात यंत्राचा वाटा थोडा आणि त्या कपाटाचा मोठा आहे. विद्यार्थिनीकडे कपाट नाही. तिच्याकडे एक वर्षाची वॉरंटी आहे. ती कधी ‘कॅरी-इन’ असते, म्हणजे लॅपटॉप पाठीवर मारून सेवाकेंद्रात न्यायचा. कधी ‘ऑनसाइट’ असते, पण ‘फोनवर निदान झाल्यानंतर आणि भाग उपलब्ध असल्यास’ ही ओळ तिच्या कागदावर बारीक टायपात असते.

हडपसरमध्ये हे दोन ग्राहक एकमेकांना इतके खेटून राहतात, याला थोडा स्थानिक इतिहासही आहे. मगरपट्ट्याची जमीन बाहेरच्या बिल्डरला न विकता सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४००-एक एकर जमीन एकत्र करून शतकाच्या वळणावर स्वतःच नगर वसवलं. ऊस-भाजीपाल्याच्या शेतांवर सायबरसिटीचे मनोरे आले, पुढे अमानोरा आलं, फुरसुंगीच्या बाजूला एसपी इन्फोसिटी आली. गावठाण, गाडीतळ, हांडेवाडी रस्ता मात्र जिथे होते तिथेच राहिले. त्यामुळे एकाच घरात कचेरीचा करारवाला लॅपटॉप आणि कॉलेजचा एका वर्षाचा लॅपटॉप एका चार्जिंग बोर्डावर लागलेले असतात.

आता यंत्राकडे वळू. ‘अमुक कंपनीचा माल भक्कम’ या समजाला पहिला धक्का कारखान्यातच बसतो. जगातले बहुसंख्य लॅपटॉप क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक, पेगाट्रॉन अशा मोजक्या तैवानी कंपन्या जोडतात, तेही वर्षानुवर्षं मुख्यतः चीनमधल्या कारखान्यांत. एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेले दोन ब्रँड एकाच छपराखाली तयार होऊ शकतात. ब्रँड ठरवतो तो आराखडा, भागांचा दर्जा आणि किंमत. म्हणून ‘कुठली कंपनी’ यापेक्षा ‘कुठली मालिका, कुठलं मॉडेल’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

बिघाडांची आकडेवारी कंपन्यांकडे असते, पण त्या ती बाहेर येऊ देत नाहीत. जी थोडीफार बाहेर आली त्यात एक जुना आकडा अजूनही कामाचा आहे. अमेरिकेतल्या स्क्वेअरट्रेड या वाढीव वॉरंटी विकणाऱ्या कंपनीने २००९मध्ये आपल्याकडे नोंदलेल्या सुमारे ३०,००० लॅपटॉपचा हिशेब मांडला. तीन वर्षांत शंभरातले ३१ बिघडले होते. त्यांपैकी वीस आपणहून आणि उरलेले पडून, आपटून, काहीतरी सांडून. सर्वांत चांगल्या ठरलेल्या कंपनीचेही शंभरात पंधरा-सोळा आपणहून बिघडले होते, सर्वांत वाईट कंपनीचे पंचवीसच्या आसपास. वॉरंटी विकणाऱ्याला बिघाड मोठे दाखवण्यात रस असणार हे धरून चाललं, तरी यातली मेख लक्षात घ्यायला हवी. सर्वांत वाईट कंपनीचे शंभरातले पंचाहत्तर ग्राहकही ‘मस्त चालतोय’ म्हणतील आणि सर्वांत चांगल्या कंपनीचे पंधरा शिव्या घालतील. शेजाऱ्याच्या, मेहुण्याच्या, ऑफिसातल्या मित्राच्या एकेका अनुभवावरून कंपनी ठरवणं म्हणजे या पंचाहत्तर आणि पंधरांतला कुणी एक समोर येणं, इतकंच.

बिघाड काळात कसे पसरतात याचाही एक ठरलेला आकार आहे. विश्वासार्हतेचे अभियंते त्याला ‘बाथटब वक्र’ म्हणतात. सुरुवातीचे काही महिने बिघाड जास्त, कारण कारखान्यातले दोष तेव्हा उघडे पडतात. मग बराच काळ शांतता. आणि शेवटी झीज सुरू झाली की पुन्हा चढण. एका वर्षाची वॉरंटी पहिला उंच भाग झाकते आणि शांततेच्या काळात संपते. चढण सुरू होते तेव्हा ग्राहक एकटा असतो. कंपन्यांनी हे गणित न करता एक वर्ष ठरवलं असेल, असं मला वाटत नाही.

झिजतं काय, तर सर्वांत आधी उष्णतेने तापणारे-निवणारे जोड. चिप आणि बोर्ड यांच्यात कथिलाचे शेकडो बारीक ठिपके असतात. लॅपटॉप सुरू केला की चिप तापते, बंद केला की थंड होते. चिप, तिच्याखालचा थर आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि ओढाताण त्या ठिपक्यांवर येते. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २००८चं. एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिप नेहमीपेक्षा जास्त संख्येने बंद पडू लागल्या आणि जुलै २००८मध्ये कंपनीने त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं. एचपी, डेल, ॲपल अशा वेगवेगळ्या झाकणांखाली तीच चिप होती. ज्यांनी तेव्हा ‘एचपी वाईट’ म्हणून डेल घेतला, त्यांतल्या कित्येकांना तोच आजार नव्या घरी भेटला.

त्याच काळात पुण्यामुंबईच्या दुरुस्तीच्या दुकानांत ‘चिप गरम करून देतो’ हा उपाय लोकप्रिय झाला. गरम हवेच्या झोताने चिप तापवली की तडकलेला जोड तात्पुरता पुन्हा टेकतो, पडदा उजळतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तीच रड. ‘रिबॉलिंग’ म्हणजे चिपखालचे ठिपके नवे बसवणं हा त्याहून बरा उपाय; पण तडा चिपच्या आतल्या थरात असेल तर त्यानेही भागत नाही, चिपच नवी लागते. आजही कुणी ‘पाचशेत गरम करून देतो’ म्हणालं, तर ते निदान म्हणून उपयोगी आहे. गरम केल्यावर सुरू झाला, म्हणजे जोडच गेला आहे. दुरुस्ती म्हणून त्याचा भरवसा धरू नये.

अशा तड्यांमुळेच सेवाकेंद्रातला सर्वांत चीड आणणारा प्रसंग घडतो. घरी दिवसातून तीनदा बंद पडणारा लॅपटॉप तिथल्या टेबलावर दोन तास गुणी बाळासारखा चालतो आणि जॉबशीटवर ‘दोष आढळला नाही’ असं लिहून परत येतो. इंजिनिअर खोटं बोलत नसतो. वातानुकूलित खोलीत, काही काम न लावता तो जोड मिटलेलाच राहतो. घरी मे महिन्यात, व्हिडिओ कॉल चालू असताना तो उघडतो. बहुतेक लॅपटॉपच्या तपशीलपत्रकात वापराचं तापमान जास्तीत जास्त ३५ अंश दिलेलं असतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या घरात जातो, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्याहून वर. कागदोपत्री पाहिलं तर उन्हाळ्यातल्या दुपारी हडपसरमधले निम्मे लॅपटॉप कंपनीने घालून दिलेल्या मर्यादेबाहेर चालू असतात. त्यात सोलापूर रस्त्याची धूळ पंख्यामागच्या जाळीत गच्च बसते. तेव्हा असा येता-जाता बिघाड असेल तर तो घडत असतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवावा आणि जॉबशीटवर ‘तापल्यावर बंद पडतो’ हे शब्द आग्रहाने लिहून घ्यावेत.

बिजागरीची गोष्ट अधिक साधी आणि म्हणून अधिक संतापजनक. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी चकत्यांत फिरतात त्या चकत्या प्लास्टिकच्या छोट्या खुंट्यांत रुतवलेल्या असतात. नवी बिजागरी घट्ट असते. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असेल तर प्रत्येक वेळी एकाच बाजूच्या खुंटीला पीळ बसतो. वर्ष-दीड वर्षात खुंटी तडकते, चकती सुटते, आणि एक दिवस झाकण उघडताना कडकन आवाज होऊन कडेची पट्टी वर येते. सेवाकेंद्राचं उत्तर ठरलेलं: ‘फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही.’ ग्राहकाने तो आपटलेला नसतो, फक्त उघडलेला असतो. उघडण्यासाठीच केलेली वस्तू उघडून तुटली, तर तो वापरणाऱ्याचा दोष कसा, हे विचारायला हवं, आणि लेखी विचारायला हवं. उघडताना कडक लागू लागला, कडेला फट दिसू लागली, तेव्हाच वॉरंटीत तक्रार नोंदवावी. तुटण्याआधीचा फोटो हा इथे सर्वांत भारी पुरावा.

याच्या जोडीला जाहिरातीतली एक गंमत. कित्येक खोक्यांवर ‘मिलिटरी ग्रेड’ छापलेलं असतं. तो उल्लेख अमेरिकी सैन्याच्या ‘एमआयएल-एसटीडी-८१०’ या मानकाचा. त्या मानकात धूळ, धक्का, तापमान, कंपन अशा चाचण्या कशा घ्याव्यात याच्या पद्धती दिल्या आहेत. त्यांतल्या कुठल्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते आणि प्रमाणपत्र देणारं सैन्य वगैरे कुणी नसतं. चाचणी घेतली हे खरं असतं. तेवढ्याने वॉरंटीत एका दिवसाचीही भर पडत नाही.

बॅटरी फुगणं हा अलीकडचा नेहमीचा विकार, विशेषतः घरून काम सुरू झाल्यापासून. मार्च २०२०च्या टाळेबंदीत हडपसरच्या हजारो घरांत लॅपटॉप सकाळी चार्जरला लागले ते रात्रीपर्यंत तसेच राहिले, आणि त्याच वेळी सेवाकेंद्रं बंद होती. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत: पूर्ण चार्ज आणि उष्णता. आतला द्रव हळूहळू विघटित होतो, वायू तयार होतो, पाकीट फुगतं. ग्राहकाला आधी कळतं ते टचपॅडचं बटण दबेनासं झाल्यावर, कारण बॅटरी बरोबर त्याखाली असते. अशा वेळी दाबून झाकण लावू नये, चार्जिंग थांबवावं आणि बॅटरी बदलावी. बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. दिवसभर चार्जरवर काम करणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी चालू करावी. आणि एक लक्षात असू द्यावं, लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची अनेकदा एकच वर्षाची असते.

जुन्या वाड्याच्या किंवा गावठाणातल्या घराच्या वायरिंगवर लॅपटॉप लावला की धातूच्या अंगाला हात लागताच झिणझिण्या येतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. चार्जरच्या आत गोंगाट गाळण्यासाठी दोन बारीक कपॅसिटर असतात, त्यांची वाट तिसऱ्या पिनेतून जमिनीकडे जाते. घरात अर्थिंग नसलं, किंवा तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटात खुपसलेली असली, की तो अतिसूक्ष्म प्रवाह लॅपटॉपच्या अंगावर येऊन थांबतो. जीवावर बेतेल इतका तो नसतो. पण ‘अर्थिंग नाही’ हे कारण दाखवून वॉरंटी नाकारल्याच्या तक्रारी ऐकू येतात. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घेणं, हे कुठल्याही वाढीव वॉरंटीपेक्षा स्वस्त पडतं.

सेवाकेंद्र ही काय चीज आहे, हे समजून घेतलं तर निम्मा मनस्ताप कमी होतो. निदान राग योग्य माणसावर निघतो. ज्या पाटीवर मोठ्या कंपनीचं नाव असतं ते ‘अधिकृत’ केंद्र बहुधा कंपनीचं नसतंच. दुसऱ्याच एखाद्या फर्मने ते कंत्राटावर चालवलेलं असतं. तिथल्या मुलाच्या हातात फार थोडं असतं. टोल-फ्रीवर तक्रार नोंदवली जाते, दूरवर बसलेला कुणी निदान करतो, भाग गोदामातून निघतो, इंजिनिअर तो बसवतो आणि काढलेला भाग कंपनीला परत पाठवतो. आलेला भाग चुकीचा निघाला तर सगळी फेरी पुन्हा. ‘पार्ट आला नाही’ हे वाक्य काउंटरवरच्या मुलाच्या दृष्टीने अक्षरशः खरं असतं. घरगुती मॉडेलं वर्षाला डझनांनी निघतात आणि बदलतात. प्रत्येकाचा बोर्ड, प्रत्येकाचा पडदा वेगळा. इतक्या प्रकारांचे सुटे भाग प्रत्येक शहरात ठेवणं परवडत नाही, म्हणून ते मागणीनंतर हलतात. कचेरीच्या मालिकेत मॉडेलं कमी आणि अनेक वर्षं चालणारी, शिवाय करारात दिवस लिहिलेले, म्हणून तिथला भाग आधीच जवळच्या गोदामात असतो.

इंजिनिअर बोर्डावरचा एक पाच रुपयांचा कपॅसिटर न बदलता अख्खा बोर्डच का बदलतो, याचंही उत्तर त्या साखळीत आहे. कंपनीने त्याला तेवढीच परवानगी, तेवढंच प्रशिक्षण आणि तेवढाच वेळ दिलेला असतो. वॉरंटीत असताना ग्राहकाला यात तोटा नाही. वॉरंटी संपल्यावर मात्र हाच नियम अंगाशी येतो: बटण तुटलं म्हणून शर्ट बदला असं सांगितल्यासारखं, बोर्डाचं कोटेशन लॅपटॉपच्या निम्म्या किमतीचं येतं. गाडीतळाच्या परिसरातल्या, किंवा तशाच कुठल्याही बाजारातल्या छोट्या दुकानात बसलेला कारागीर इथे खरा उपयोगी. तो सूक्ष्मदर्शकाखाली बोर्ड धरतो, कुठे शॉर्ट आहे ते मीटरने शोधतो, मेलेल्या दुसऱ्या बोर्डावरून आयसी उचलतो आणि लावतो. त्याच्या कामाला कागद नसतो आणि यशाची हमीही नसते, पण बोर्ड-दुरुस्तीचं खरं ज्ञान आज या शहरात त्याच्याकडे आहे, काचेच्या दाराआड नाही. फक्त क्रम चुकवू नये. वॉरंटी असताना त्याच्याकडे जाऊ नये आणि वॉरंटी संपल्यावर पहिलं कोटेशन आलं की घाईने हो म्हणू नये.

वॉरंटीच्या कागदात आणखी दोन-तीन ठिकाणी पाय अडकतो. बदलून मिळणारा भाग ‘नवा किंवा नव्यासमान’ असेल असं लिहिलेलं असतं; म्हणजे दुरुस्त केलेला जुना बोर्डही चालतो. कंपनीच्या संगणकात वॉरंटीची सुरुवात बऱ्याचदा माल दुकानाकडे निघाला त्या दिवसापासून दिसते, आपण विकत घेतला त्या दिवसापासून नव्हे. बिल पाठवून ती तारीख दुरुस्त करून घ्यावी लागते, आणि हे काम पहिल्याच आठवड्यात उरकावं. डिस्कमधल्या फायलींची जबाबदारी कुणीही घेत नाही. त्यात नवी अडचण अशी, की विंडोज ११ असलेल्या कित्येक लॅपटॉपची डिस्क मालकाला न विचारता कूटबद्ध झालेली असते. बोर्ड बदलला की पहिल्यांदा सुरू होताना तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ज्याला ते खातं आठवत नाही त्याचा लॅपटॉप दुरुस्त होतो, पण फायली कायमच्या बंद होतात. सेवाकेंद्रात जाण्याआधी ही की कागदावर उतरवून ठेवावी.

कामानिमित्त अमेरिकेला गेलेल्या भावाने किंवा मुलीने येताना आणलेला लॅपटॉप हा हडपसरातला आणखी एक नेहमीचा प्रकार. तिथे सवलतीत मिळतो म्हणून आणला जातो. कचेरीच्या मालिकांना आंतरराष्ट्रीय वॉरंटी अनेकदा असते, घरगुती मॉडेलांची वॉरंटी पुष्कळदा विकत घेतलेल्या देशापुरतीच. वॉरंटी असली तरी ते मॉडेल भारतात विकलंच गेलेलं नसेल, तर भाग कुठून येणार? वाचलेले पैसे पहिल्याच बिघाडात जातात.

भांडायची वेळ आली तर पुणेकराने संकोच करू नये. या देशातल्या ग्राहक चळवळीचा एक मोठा झरा इथलाच आहे. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम १९७४मध्ये पुण्यात सुरू केलं, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो १९८६मध्ये आला. आत्ताचा २०१९चा कायदा जुलै २०२०पासून लागू आहे आणि त्यातल्या दोन तरतुदी लॅपटॉपवाल्याच्या थेट कामाच्या आहेत. एक, तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते; कंपनीचं कार्यालय बंगळुरू-गुरुग्रामला असलं तरी हडपसरचा ग्राहक पुण्याच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो. दुसरी, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. मोठ्या कंपन्या तिथे आलेल्या तक्रारीला बऱ्याचदा टोल-फ्रीपेक्षा लवकर उत्तर देतात.

आयोगात जाताना एक विवेक ठेवावा. ‘यंत्रातच उत्पादनदोष आहे’ हे सिद्ध करायचं तर तज्ज्ञाचा किंवा प्रयोगशाळेचा अहवाल लागू शकतो, आणि प्रकरण लांबतं. ‘वॉरंटीत असताना तीन वेळा नेला, इतके दिवस ठेवला, दोष गेला नाही’ हे सिद्ध करायला मात्र जॉबशीटवरच्या तारखा पुरतात. कायद्यात सेवेतली त्रुटी हे स्वतंत्र कारण आहे. म्हणून लॅपटॉप जमा करताना आणि परत घेताना, दोन्ही वेळा कागद घ्यायचा, दोष आपल्या शब्दांत लिहायला लावायचा, आणि फोनवर झालेलं बोलणं लगेच ई-मेलने कळवून ठेवायचं. घरून स्वतःचा छोटा व्यवसाय करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरणाऱ्याला सूट आहे. पण बिल फर्मच्या नावाने, जीएसटी क्रमांक टाकून घेतलं असेल, तर कंपनीचा वकील सर्वांत आधी त्याच बिलावर बोट ठेवील.

सुटे भाग आणि माहिती दाबून ठेवण्याच्या प्रवृत्तीला भारतात पहिला मोठा तडाखा मोटारींच्या बाबतीत बसला. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५०० कोटींहून अधिक दंड ठोठावला, कारण त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. पुढे अपिलं झाली, पण मुद्दा ठसला. केंद्राने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं संकेतस्थळ सुरू केलं, जिथे कंपन्यांनी पुस्तिका, भागांची माहिती आणि सेवेच्या अटी एका जागी द्यायच्या. फ्रान्समध्ये २०२१पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दहापैकी दुरुस्ती-गुण छापावे लागतात. त्यात भाग किती सहज मिळतो आणि त्याची किंमत काय, यालाही गुण आहेत. आपल्या दुकानात अशी पाटी लागली, तर माझ्या मते जाहिरातीतल्या प्रोसेसरच्या आकड्यांपेक्षा ती अधिक वाचली जाईल.

तोपर्यंत हुशार विद्यार्थ्यांनी आपली वाट शोधली आहे. सायबरसिटीतल्या कंपन्या तीन-चार वर्षांनी करार संपला की लॅपटॉप एकगठ्ठा काढून टाकतात आणि तसेच थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ‘रिफर्बिश्ड’ म्हणून नव्या घरगुती लॅपटॉपच्या निम्म्या किमतीत किंवा त्याहून कमीत फिरून येतात. बिजागरी शाबूत, की-बोर्ड चांगला, भाग बाजारात मुबलक, कारण तेच मॉडेल हजारोंनी निघालेलं असतं. घेताना विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून पाहावी. दुकानातच इंटरनेटला जोडून एकदा रीसेट करून घ्यावा. जुन्या कंपनीने तो आपल्या नोंदीतून सोडवला नसेल तर पडद्यावर त्या कंपनीचं लॉगिन उभं राहतं आणि ते दुकानदारालाही उघडता येत नाही. आणि प्रोसेसरची पिढी विचारावी. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. सातव्या पिढीचा भक्कम लॅटिट्यूड मातीमोलाने मिळतो तो या कारणाने; त्यावर लिनक्स टाकून वापरायची तयारी असेल, तर मात्र सौदा वाईट नाही.